सासूबाईंची चिनी फ्रेम आणि तिच्यातलं वटवाघूळ

ओंजळभर

आमच्या दिवाणखान्यात एक जुनी फ्रेम आहे. काळं लाकूड, आत रेशमावर भरतकाम केलेल्या दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी हातभर लांब, चार-पाच बोटं रुंद. आजेसासरे बोटीवर नोकरीला होते, हाँगकाँगच्या एका फेरीत त्यांनी ती आणली. घरात तिला ‘चिनी पडदा’ म्हणतात. यंदा गणपतीच्या साफसफाईत काच तडकली आणि लग्नानंतर बावीस वर्षांनी मी ती वस्तू पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली.

डावीकडच्या पट्टीवर पिओनीचं गुलाबी फूल, त्याखाली फुलपाखरू, आणि फुलपाखराकडे मान वर करून बघणारं मांजर. मांजराचे डोळे म्हणजे काळ्या रेशमाच्या दोन गाठी, मोहरीच्या निम्म्या. उजवीकडच्या पट्टीवर फुलदाणी, पण तिच्यात फुलांऐवजी तीन भाले, आणि बाजूला उदबत्तीच्या पुड्यासारखं काहीतरी. शिवाय दोन्ही पट्ट्यांवर अधूनमधून लाल रंगाचे, कुरळ्या पंखांचे जीव. सासूबाई आजवर त्यांना फुलपाखरंच म्हणत आल्या. काच निघाल्यावर त्यांना कान दिसले. वटवाघळं!

‘हे आता भिंतीवर परत लागणार नाही,’ असा निकाल तिथल्या तिथे लागला. मग मी वाचायला बसले.

कळलं ते असं. चिनीत वटवाघळाच्या नावात ‘फू’ आहे आणि भाग्यालाही ‘फू’ म्हणतात. लिहायची अक्षरं वेगळी, उच्चार तंतोतंत तोच. म्हणून कपड्यावर भाग्य काढायचं तर वटवाघूळ काढतात. पाच काढली की पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि वेळ आल्यावर सुखाचं मरण. ही यादी ‘शू-चिंग’ ह्या फार जुन्या ग्रंथातली आहे. वटवाघूळ लाल असेल तर आणखी बरं, कारण लाल म्हणजे ‘होंग’ आणि अफाट म्हणजेही ‘होंग’. थोडक्यात आमच्या भिंतीवर इतकी वर्षं अफाट भाग्य लटकत होतं आणि आम्ही त्यावरचे कोळीष्टक झटकत होतो.

दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. फुलदाणीत भाले कशाला? आणि दोन्ही पट्ट्यांचा अर्धा भाग जवळपास कोरा का? कारागिराने काम अर्धवट सोडलं की काय? जाणकारांनी सांगावं.

शंकासुर

फोटो?

ओंजळभर

चारदा चढवला, चारदा आडवा झाला. प्रयत्न चालू आहे.

मागावरचा_धोटा

अर्धवट सोडलेलं नाही. तुमच्याकडे पडदा नाहीये ताई, बाह्या आहेत.

छिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजवटीच्या काळाच्या उत्तरार्धात हान (चीनमधला बहुसंख्य समाज) बायकांच्या झग्यासारख्या अंगरख्याला खूप रुंद बाह्या असत. बाहीच्या तोंडाशी भरतकामाची वेगळी पट्टी लावून ती बाहेरून दुमडायची. घरंदाज बाई चारचौघांत उभी राहिली की हात पोटाशी एकावर एक धरून उभी राहायची. तसं उभं राहून बघा: बाहीचा पुढचा भाग अंगाकडे वळतो, झाकला जातो, आणि समोरच्याला दिसते ती बाहीची मागची बाजू. म्हणून सगळं काम त्या मागच्या भागावर करायचं आणि पुढचा भाग मोकळा किंवा जेमतेम भरलेला ठेवायचा. महिन्यामहिन्याचं काम न दिसणाऱ्या जागी कोण वाया घालवेल? पुढे त्या तऱ्हेचे कपडे जुने झाले, लोकांनी पट्ट्या उसवून विकल्या, परदेशी लोकांनी काचेत घातल्या. मागच्या कडेला बारीक टाक्यांची भोकं दिसतात का बघा. दिसली तर ती खरंच कुणाच्या तरी अंगावर होती.

ओंजळभर

आत्ता भिंग घेऊन बघितलं. दोन्ही लांब कडांना रांगेने भोकं आहेत. एका जागी अस्तराच्या निळ्या दोऱ्याचा तुकडासुद्धा अडकलेला आहे.

हात पोटाशी धरून आरशासमोर उभी राहिले. तुम्ही म्हणता तसंच दिसतं. घरातले मला काय झालंय विचारताहेत.

दादरकर_आजी

सुंदर धागा. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी पारशी कुटुंब होतं. त्यांच्याकडे लग्नाला आणि नवजोतला (मुलांच्या धर्मदीक्षेला) गारा साडी नेसायची पद्धत. गडद जांभळ्या रेशमावर पांढऱ्या दोऱ्याची इतकी दाट नक्षी, की साडीला मूळ रंग आहे की नाही कळू नये. शेजारीण हात लावू द्यायची नाही, पण जवळ बसवून नावं सांगायची. बारीक गोल ठिपके म्हणजे ‘कांदा-पपेटा’. दुसरी एक नक्षी ‘करोलिया’, म्हणजे कोळी. पूल, देवळं, छत्रीवाली माणसं असली की ‘चीना-चीनी’. आणि चिमण्यांची जोडी ‘चकला-चकली’.

पुढे कळलं की एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनमधल्या कॅन्टन बंदराला जात, तिथल्या कारागिरांकडून ह्या साड्या भरून आणत. जाताना कापूस आणि अफू, येताना चहा, रेशीम आणि बायकांसाठी गारा. अफूचं कुणी फार बोलत नाही.

तो करोलिया मुळात चिनी कारागिराच्या हातचं शेवंतीचं फूल, असं मला एका जाणकार बाईंनी सांगितलं. पाकळ्या लांब आणि वाकड्या, म्हणून मुंबईत त्याचा कोळी झाला. तुमच्या सासूबाईंनी वटवाघळाचं फुलपाखरू केलं, त्यांना एकटीला नावं ठेवू नका.

शांघायवाला

नऊ वर्षं इथे नोकरी करतोय, त्यामुळे दोन शब्द.

मांजर आणि फुलपाखरू सोडवतो. मांजर ‘माओ’, फुलपाखरातला ‘त्ये’. एकत्र ‘माओ-त्ये’. ऐंशी-नव्वदीच्या वयालाही ‘माओ-त्ये’ म्हणतात. सूर, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार, थोडा हलतो, पण चालतं. म्हणजे ती पट्टी ‘नव्वदीपर्यंत जगा’ असं सांगतेय. सोबत पिओनी आहे, ती श्रीमंती आणि मानमरातबाची. वयस्कर बाईच्या वाढदिवसाच्या कपड्यावर हा मेळ चपखल बसतो.

हे खेळ चिनीत इतके का, तर भाषेचाच तो गुण. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, सूर सोडून दिले तर सगळे मिळून चारशेच्या आसपास वेगळे ध्वनी आहेत. सूर धरले तरी तेराशेच्या घरात. एवढ्यात अख्खी भाषा बसवायची म्हटल्यावर एका ध्वनीला दहा-दहा अर्थ असणारच. मासा ‘यू’, शिल्लक उरणं ‘यू’. कमळ ‘लिएन’, सलग ‘लिएन’. म्हणून कमळाशेजारी मासा काढला की ‘वर्षानुवर्षं घरात उरून राहो’. हरीण ‘लू’, सरकारी पगार ‘लू’. नव्या वर्षाला दारावर ‘फू’ हे अक्षर लोक मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण उलटं म्हणजे ‘ताओ’ आणि आलं, पोचलं म्हणजेही ‘ताओ’. जुन्या कपड्यांवर डोकं खाली केलेलं वटवाघूळ दिसतं ते ह्याच हिशोबात.

मला ह्यातली गंमत वेगळीच वाटते. भरतकाम करणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लिहिलेली अक्षरं कळायला शिकावं लागतं, पण ‘फू’ ऐकायला कुठे शिकायचंय? चित्र बघायचं, वस्तूचं नाव मनात घ्यायचं, झालं. डोळ्याने बघून कानाने वाचायचं कापड आहे हे.

शंकासुर

मान्य, पण जरा थांबा. प्रत्येक चिनी कापडावरच्या प्रत्येक पानाफुलाला गूढ अर्थ असतो असं म्हणणारे मला संशयास्पद वाटतात. त्यातले निम्मे विक्रेते असतात. ‘ही गाठ घालून घालून बायका आंधळ्या झाल्या, म्हणून बादशहाने तिच्यावर बंदी घातली’ ही कथा मी एका प्रदर्शनात ऐकली. बंदीचा पुरावा विचारला तर दुकानदाराने चहा मागवला.

मागावरचा_धोटा

ती बंदीची गोष्ट बाजारातलीच. गाठीचा टाका मात्र खरा आणि कठीण. प्रत्येक गाठ सुईला दोरा गुंडाळून, कापडालगत घट्ट ओढून घालायची, आणि अशा हजारो गाठी एकमेकींना चिकटून एकाच उंचीच्या यायला हव्यात. एक जरी सैल पडली तरी फुलाच्या पाकळीला खड्डा दिसतो. ओंजळभर ताईंच्या मांजराचे डोळे ह्याच जातीचे.

आणि प्रत्येक नक्षीला अर्थ असतो का, तर नसतो. छिंग काळाच्या शेवटी नक्षीचे तयार नमुने मिळत, कागदाला भोकं पाडून त्यावरून पूड फिरवून कापडावर ठसा घ्यायचा. घेणाऱ्याने ‘चांगलं दिसतंय’ एवढ्यावरही घेतलं असेल. आपण तोरणावर कोयरी काढतो तेव्हा दर वेळी काय विचार करतो?

शंकासुर

कोयरीचं पटलं. मग राजाच्या ड्रॅगनचं काय? पाच नखं बादशहाची, चार नखं इतरांची, हे तरी खरं का?

इतिहासाचा_तास

नियम होता आणि तो मोडलाही जात होता. दोन्ही खरं आहे. पाच नखांचा तो ‘लोंग’, चार नखांचा ‘मांग’. दिसायला सख्खे भाऊ. मांग असलेला झगा बादशहा मर्जीतल्या माणसांना बक्षीस म्हणून द्यायचा. त्याच्याखाली आणखी एक प्रकार, ‘उडता मासा’: अंग ड्रॅगनचं, शेपूट माशाची, पंखही. लांबून तिन्ही सारखेच.

छिंगच्या आधीच्या मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात पोशाखांवर एक प्रकरण आहे, त्यातला हा किस्सा 1537 चा. च्याचिंग बादशहाला युद्धखात्याचा मंत्री मांगचा झगा घालून दरबारात आलेला दिसला. बादशहा भडकला: हा दुसऱ्या दर्जाचा मंत्री, ह्याने मांग घातलाच कसा? जवळच्या मंत्र्याने सारवासारव केली, की महाराज, तो मांग नव्हे, आपणच दिलेला उडता मासा आहे, भरतकाम जरा भडक असल्याने तसा दिसतो. त्यावर बादशहाचा प्रश्न: मग माशाला दोन शिंगं कशी? आणि लगेच कडक मनाईचा हुकूम निघाला.

शंकासुर, तुम्हाला हा बादशहा आवडेल.

छिंग बादशहाच्या झग्याबद्दलही सांगतो. त्यावर नऊ ड्रॅगन असतात. छाती, पाठ, दोन खांदे, पुढे खाली दोन, मागे खाली दोन, झाले आठ. नववा पुढच्या पदराच्या आत, झाकलेला. म्हणजे पुढून बघा किंवा मागून, एका वेळी पाचच दिसतात. नऊ आणि पाच ही बादशहाच्या पदाची संख्या. ज्याला आतला नववा माहीत नाही तो मोजत बसतो.

खालच्या काठाला तिरपे रंगीत पट्टे असतात ते उभं पाणी. त्यावर लाटा, लाटांतून वर आलेले डोंगर, त्यावर ढग. भरतीची लाट ‘छाओ’, राजदरबारही ‘छाओ’. आणि ह्या सगळ्या पाणी-डोंगर-ढगांच्या वर, गळ्याच्या भोकातून बाहेर येणारं डोकं एकट्या माणसाचं. कपडा अंगात घातला की जगाचा नकाशा पुरा होतो.

शंकासुर

माशाला शिंगं! आवडला.

पक्षीवेडा_नागपूर

माझा प्रांत पक्ष्यांचा, म्हणून हुद्द्याच्या चौकोनांवर लिहितो. 1391 मध्ये मिंग दरबाराने ठरवलं की अधिकाऱ्याच्या छातीवर आणि पाठीवर चौकोनी तुकडा असावा. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला पशू. छिंग काळात मुलकी नऊ पायऱ्यांतल्या बहुतेक अशा: पहिल्या दर्जाला क्रौंच, तिसऱ्याला मोर, चौथ्याला रानहंस, पाचव्याला रुपेरी फेजंट, सहाव्याला बगळा, सातव्याला मँडरिन बदकं, आठव्याला लावा, आणि सगळ्यात खालच्या नवव्याला लांब शेपटीचा एक पक्षी. तो कोण म्हणाल तर स्वर्गीय नर्तक! आपल्याकडे नवेगावला तो दिसला तर आम्ही दिवसभर त्याच्या मागे फिरतो, आणि तिथे तो सगळ्यात कनिष्ठ कारकुनाच्या छातीवर.

पशूंमध्ये तर मजाच. सातव्या-आठव्या दर्जाला गेंडा होता. भरतकाम करणाऱ्यांनी गेंडा कधी पाहिलेला नसावा, त्यामुळे बऱ्याच चौकोनांवर चक्क बैलासारखं जनावर बसलेलं दिसतं. नवव्याचा ‘समुद्रघोडा’ म्हणजे लाटांवरून धावणारा साधा घोडा. न्याय-तपासणीच्या अधिकाऱ्यांना वेगळा काल्पनिक प्राणी होता, जो भांडणात खोटं बोलणाऱ्याला बरोबर ओळखून शिंगाने ढुशी मारतो.

पुढचा चौकोन मधोमध दुभंगलेला असतो, कारण छिंग अंगरखा समोर उघडायचा. मिंग काळातला अखंड, कारण तो झगा बाजूला बांधायचा. संग्रहालयात गेलात तर एवढ्यावरून काळ ओळखता येतो. आणि बायको नवऱ्याच्याच दर्जाचा पक्षी लावायची, फक्त तोंड उलट्या दिशेला, म्हणजे दोघं शेजारी बसली की पक्षी एकमेकांकडे बघणार.

भातुकली

शेवटचं वाक्य फारच गोड.

लहान मुलांच्या कपड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाचव्या चांद्रमहिन्याच्या पाचव्या दिवशी, उन्हाळा चढायच्या सुमाराला, मुलांना ‘पाच विषं’ भरलेली बंडी घालतात. विंचू, साप, घोण, बेडूक आणि पाल. पालीऐवजी कुठे कोळी. आपल्याला वाटेल पोराच्या पोटावर विंचू कशाला, पण विचार असा की विषाला विष उतारा. वाघाच्या तोंडाचे बूट आणि टोप्या तर प्रसिद्धच आहेत. मोठे डोळे, मिशा, कपाळावर ‘राजा’ हे अक्षर, कारण वाघाच्या कपाळावरच्या पट्ट्या तशाच दिसतात. मूल चालताना बूट पुढची वाट बघतात म्हणे.

शंभर घरांतून चिंध्या मागून शिवलेला अंगरखाही असतो. शंभर घरांचा आशीर्वाद पोराच्या अंगावर. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी बाळाला पहिली घालतात त्याची आठवण झाली. तिथे मात्र मागून आणायची असते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

इतिहासाचा_तास

शंभरावरून आठवलं. बीजिंगजवळ वानली बादशहाची कबर 1956 ते 1958 मध्ये उघडली. त्यात एका सम्राज्ञीचा जाकीट होता, त्यावर खेळणारी शंभर मुलं भरलेली. ती बाई मुळात दासी होती, तिच्या पोटी वारस झाला. पण बादशहाने तिला आयुष्यभर विचारलं नाही, सम्राज्ञीपद मिळालं ते मेल्यानंतर. अंगावर मात्र शंभर मुलगे. त्या कबरीतलं बरंचसं रेशीम वर काढल्यावर टिकलं नाही, हवा लागून कडक आणि काळं पडलं. त्यानंतर चीनने बादशहांच्या कबरी मुद्दाम उघडणं थांबवलं.

दादरकर_आजी

वाचून वाईट वाटलं हो.

मागावरचा_धोटा

येवल्याच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट, भरतकामाची नव्हे, विणकामाची. ‘केसी’ नावाचं एक चिनी रेशीम आहे. त्यात नक्षी भरत नाहीत, मागावरच विणतात. आडवा धागा काठापासून काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी, ती आपल्या रंगापुरती जाते आणि तिथूनच मागे फिरते. ओळखीचं वाटतंय ना? पैठणीच्या पदराचं तत्त्व हेच. फरक एवढाच, की पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जातात, त्यामुळे सलग कापड मिळतं. केसीत बऱ्याच ठिकाणी ते अडकवत नाहीत, म्हणून दोन रंगांच्या मध्ये बारीक उभी फट राहते. उजेडासमोर धरलं की चित्राच्या कडा कोरल्यासारख्या चमकतात. नावाचा अर्थही ‘कोरलेलं रेशीम’ असाच लावतात. दोन्ही बाजू सारख्या, पैठणीसारख्याच. ‘इंचभर केसी, इंचभर सोनं’ अशी तिथे म्हण आहे. येवल्यात म्हण नसेल, भाव तोच आहे.

शांघायवाला

मला एका कपड्याबद्दल लिहायचंय, थोडा जड विषय आहे.

मागच्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका आजोबांचं निधन झालं. त्यांच्या मुलीने अंत्यवस्त्रं दाखवली, ती आजोबांनी स्वतः काही वर्षं आधी आणून ठेवली होती. त्यांना ‘आयुष्याचे कपडे’ म्हणतात. मरणाच्या कपड्यांचं नाव आयुष्य. रेशीम होतं, पण सॅटिन नव्हतं. सॅटिनला ‘त्वान-झ’ म्हणतात, आणि वंश तुटण्यालाही तसंच म्हणतात. म्हणून साधं रेशीम. अंगरख्याला एकही बटण नाही, सगळीकडे बंद. कारण बंदाला ‘ताय-झ’, आणि त्याचाच दुसरा अर्थ मुलं सोबत आणणारा. मुलगी परदेशात शिकलेली, हे सगळं हसत हसत सांगत होती. तरी बटण लावलं नव्हतंच.

दादरकर_आजी

ह्यात परकं काय आहे? आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. माझी आई दुकानातून निघताना ‘जाते’ कधी म्हणाली नाही, ‘येते’च. फक्त आपण ते बोलण्यात ठेवलं, त्यांनी अंगावर घातलं.

शंकासुर

आजी, फरक आहे. आपण वाईट शब्द टाळतो. ते चांगला शब्द गाठायला वाटेल ती वस्तू पकडतात, वटवाघूळ म्हणा, भाला म्हणा. आपल्याकडे शब्दाच्या आवाजासाठी कुणी पैठणीवर वटवाघूळ काढलं असतं का?

पक्षीवेडा_नागपूर

येवल्याहून परत पाठवली असती.

भातुकली

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सापडते. बादशहाच्या झग्यावर बारा राजचिन्हं असतात ना, त्यात डाव्या खांद्यावर सूर्य आणि उजव्यावर चंद्र. चंद्राच्या गोलात एक ससा खलबत्त्यात अमृताचं औषध कुटत बसलेला असतो. आपला शशांक! चंद्रात ससा दिसणारे आपण एकटे नाही. सूर्यात मात्र त्यांच्याकडे तीन पायांचा पक्षी आहे, तो आपल्याला ठाऊक नाही.

आणि स्वस्तिक तर इकडूनच बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलं. तिथे त्याला ‘वान’ म्हणतात, म्हणजे दहा हजार. एकाला एक जोडून न संपणारी जाळी करतात आणि रेशमात विणतात. दहा हजार वर्षं, अखंड.

शांघायवाला

आणि सगळं चीन म्हणजे हान नव्हे, एवढं एक जोडतो. क्वेइचौच्या डोंगरात म्याओ लोकांच्या कपड्यांवर फुलपाखरू दिसलं तर ते शब्दखेळातलं नाही. त्यांच्या कथेत मॅपलच्या झाडातून फुलपाखरू-आई जन्मली आणि तिच्या अंड्यांतून माणसं आली. तिथलं फुलपाखरू पूर्वज आहे. त्याला मांजर शेजारी ठेवून चालणार नाही.

ओंजळभर

फोटो अखेर चढला! उजवी पट्टी, जवळून. फुलदाणी निळी, तिच्या गळ्याला जरीचा दोर ठेवून वरून बारीक टाके घातलेत. तीन भाले, प्रत्येकाच्या पात्याला एका बाजूला चंद्रकोर. आणि तो उदबत्तीचा पुडा.

शांघायवाला

मोठा करून बघितला. उदबत्ती नाही हो! ते ‘शंग’ आहे, तोंडाने वाजवायचं वाद्य. एका तुंब्यात उभ्या बांबूच्या नळ्या खोचलेल्या असतात. चंद्रकोरवाला भाला म्हणजे ‘ची’.

आता मोठ्याने वाचा. फुलदाणी ‘पिंग’, शांततेलाही ‘पिंग’. वाद्य ‘शंग’, वर चढण्यालाही ‘शंग’. तीन म्हणजे ‘सान’. भाला ‘ची’, दर्जा किंवा पायरीलाही ‘ची’. ‘पिंग शंग सान ची’: विनाविघ्न तीन पायऱ्या बढती मिळो. पक्षीवेडांच्या यादीवर लावायचं तर लावा-पक्ष्यावरून थेट रुपेरी फेजंटपर्यंत, म्हणजे आठव्यावरून पाचव्यावर.

म्हणजे एका बाहीवर स्वतःला नव्वद वर्षं आणि दुसऱ्या बाहीवर घरातल्या पुरुषाला बढती. बाई व्यवहारी होती. फक्त दोन बाह्यांवर वेगळी चित्रं मला जरा खटकतात. सहसा जोडी सारखी असते.

मागावरचा_धोटा

मलाही तेच म्हणायचं होतं. बहुधा दोन वेगळ्या जोड्यांमधली एकेक पट्टी दुकानदाराने एकत्र बसवली असावी. ताई, दोन्हींचं मूळ रेशीम एकाच रंगाचं आहे का? आणि नवी काच लावाल तेव्हा पट्टी काचेला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवा. उन्हाची भिंत टाळा, तो लाल रंग आधी जातो.

ओंजळभर

एक फिकट निळं, दुसरं थोडं हिरवट. बावीस वर्षं बघतेय आणि आज दिसलं. म्हणजे दोन वेगळ्या बायका.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. वटवाघळांना परवानगी मिळाली, भिंत बदलली. तीन पायऱ्यांच्या बढतीवर मात्र त्या हसल्या. म्हणाल्या, ‘मामंजींनी ही आणली आणि पुढची अठरा वर्षं त्याच बोटीवर त्याच जागी काढली. त्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी, मोठ्याने वाचायचं असतं म्हणून.’